शावा मास्तरांना कौतुक सोसत नाही

म्लाम्बेच्या प्राथमिक शाळेत जाइलोस शावा मास्तर पहिलीचा वर्ग शिकवत. इतकी वर्षं शिकवत होते की आता वर्गात बसलेल्या निम्म्या पोरांच्या आईबापांनीही त्यांच्याच हाताखाली अक्षरं गिरवली होती. पुरुष माणूस, तोही पिकल्या केसांचा, आणि पहिलीला शिकवतो, म्हणून बाजारात त्यांची थट्टा व्हायची. "मास्तर, आज किती जणांची नाकं पुसलीत?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "तुझं पुसलं होतं तेव्हापासून हात धुतोय, अजून जात नाही."

थट्टा त्यांना सोसायची. थट्टेतच ते वाढले होते. ते न्गोनी, आणि न्गोनी माणसाचा जन्मच मुळी बेंबा माणसाची बोलणी खाण्यासाठी आणि त्याला चार परत देण्यासाठी झालेला असतो. या दोन जमाती जुन्या काळी एकमेकींशी लढल्या, थकल्या आणि मग भाल्यांऐवजी तोंडं चालवू लागल्या. त्या नात्याला चिंबुया म्हणतात. बेंबानं न्गोनीला उंदीरखाऊ म्हणायचं, न्गोनीनं बेंबाला माकडखाऊ. रागवायचं कुणीच नाही; रागावला तो हरला. न्गोनीच्या घरी मयत झालं तरी बेंबा चिंबुया येतो, खणलेल्या खड्ड्यात उतरून आडवा पडतो आणि हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय बाहेर येत नाही. रडणाऱ्या बायकासुद्धा मग कमरेला गुंडाळलेल्या चितेंग्याच्या टोकात तोंड लपवून हसतात.

म्हणून नवी मुख्याध्यापिका उत्तरेतल्या कासामाकडची बेंबा आहे हे कळल्यावर शावा मास्तर खुशीत होते. चार दिवस आधीपासून त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती.

ज्युडिथ कापेम्ब्वा मॅडम आल्या तेव्हा सगळे शिक्षक आंब्याखाली ओळीनं उभे होते. शावा मास्तर पुढे झाले. "मॅडम, सामानात माकडाची शेपटी आणलीय ना? इकडं मिळत नाही, आधीच सांगून ठेवतो."

सगळ्यांनी हसू तोंडात तयार धरलं. मॅडमनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला, मानानं गुडघा किंचित वाकवला आणि म्हणाल्या, "शावा सर, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. तुमच्यासारखा शिक्षक लाभला, हे या शाळेचं भाग्य."

कुणीच हसलं नाही. मास्तरांचा हात मॅडमच्या हातातच राहिला आणि तो कसा सोडवून घ्यावा ते त्यांना कळेना.

संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला, तिसाउकेला, सगळं सांगितलं.

"आजारी असेल बिचारी," तिसाउके म्हणाली.

"चांगली धडधाकट आहे."

"मग कुठल्या नव्या चर्चात जात असेल. काही ठिकाणी हसायला बंदी असते म्हणतात."

"बेंबा बाई न्गोनी माणसाची स्तुती करते, याचा अर्थ कळतो का तुला? तोंडावर स्तुती मेलेल्याचीच करतात."

"मग झोंडीचे बाबा, तुम्ही मक्याच्या या न्सिमाच्या गोळ्याला हात लावू नका. मेलेली माणसं जेवत नाहीत. मला आणि पोरीला भाजी पुरेल."

मास्तर जेवले, पण चव लागली नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं त्यांना नक्की वाटलं.

आधीचे हेडमास्तर म्बेवे ओरडायचे. उशीर झाला तर ओरडायचे, लवकर आलं तर काय भानगड आहे म्हणून ओरडायचे. त्यांच्या हाताखाली माणसाला आपण कुठं उभे आहोत ते ठाऊक असायचं. कापेम्ब्वा मॅडमची रीत निराळी. त्या राजधानीत मुख्याध्यापकांच्या एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. शाळेतल्या माणसांचं मन कामात कसं गुंतवायचं, हा तिथला विषय. तिथून त्या शुक्रवारची बैठक घेऊन आल्या.

शुक्रवारी शेवटच्या घंटेनंतर शिक्षकांच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीपासून ओढून गोल मांडायच्या. मध्ये चहाची किटली आणि ताटलीत गरम वितुम्बुवा, पिठाचे तळलेले गोड गोळे. मग प्रत्येकानं त्या आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगायची आणि शेजारच्याचा एक गुण बोलून दाखवायचा. भिंतीला पाठ लावून बसायची सवय असलेली माणसं एकमेकांची तोंडं बघत बसायची. सातवीचे गणिताचे मास्तर पुष्कळ विचार करून म्हणाले, "या आठवड्यात खडू चांगला होता." नंतर त्यांना शेजारच्याचा गुण सांगायचा होता. शेजारी चौथीच्या नेल्ली सकाला बाई. मास्तर म्हणाले, "यांचा आवाज लांबपर्यंत जातो." सकाला बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पण वितुम्बुवा मऊ होते आणि हळूहळू लोक बोलू लागले. एकीच्या घराचं छप्पर गळतं हे कळलं तेव्हा तिघं जाऊन गवत घालून आले. आजारी माणसाचा वर्ग न सांगता दुसरा कुणी घ्यायला लागला. शावा मास्तरांना हे दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच त्यांचा संशय वाढत होता. एवढं गोड करते आहे ती कशासाठी? कुणी उगीच कुणाच्या छपराची चौकशी करतं का?

त्यातून मॅडमनी भिंतीवर फोटो लावायला सुरुवात केली. वर रंगीत कागदावर लिहिलं होतं, 'आमचं मोलाचं माणूस'. पहिला फोटो सकाला बाईंचा. दुसरा शावा मास्तरांचा, वर्गात वाकून एका पोरीच्या हाताला धरून अक्षर काढून घेतानाचा. मास्तरांनी आजवर भिंतीवर फोटो पाहिले होते ते राष्ट्राध्यक्षांचे आणि मेलेल्यांचे. राष्ट्राध्यक्ष तर ते नव्हते.

"छान आलाय हो सर," सकाला बाई म्हणाल्या.

"फुलं कधी वाहताय?" मास्तर म्हणाले.

मग एके सकाळी मॅडम त्यांच्या वर्गात आल्या आणि मागच्या बुटक्या बाकावर पोरांत बसल्या. मास्तर बाटल्यांच्या बुचांनी बेरीज शिकवत होते. पोरं ओरडत होती, बुचं घरंगळत होती. मॅडम सुट्टीपर्यंत बसल्या. त्यांनी काहीही लिहून घेतलं नाही, काही चूकही काढली नाही. जाताना फक्त म्हणाल्या, "सर, हे सगळ्यांनी बघायला हवं." आणि दारात थांबून त्यांनी विचारलं, "तुमची सायकल वाळूत नीट चालते का?"

"चालते की. का?"

"सहज."

दोन दिवसांनी विचारलं, "तुमच्या घरच्यांना भाजीपाला लावायची आवड आहे ना? पाणी जवळ असलं तर बरं पडेल, नाही?" हेही सहजच.

मास्तर त्या रात्री अंथरुणात उठून बसले. सायकल, वाळू, पाण्याजवळची बाग. नदीपलीकडे काविम्बेला नवी शाळा बांधत होते. तिकडची वाट सगळी वाळूची. आणि नदी तर दारातच.

"मला काविम्बेला धाडतायत," ते म्हणाले.

"कोण?" तिसाउकेनं झोपेतच विचारलं.

"ती माकडखाऊ. गोड बोलून खड्ड्यात घालतेय."

"खड्ड्यात आधी ती उतरते की तुम्ही, ते तरी ठरवून ठेवा," असं म्हणून ती कुशीवर वळली.

पण मास्तरांना यात थट्टा दिसत नव्हती. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि ती त्यांना याच वर्गात काढायची होती. जानेवारीत पोरं दाराला लटकून रडत येतात. वर्ष संपता संपता एक दिवस असा येतो की त्यातलंच एखादं पोर जमिनीवर काडीनं स्वतःचं नाव काढतं आणि ते पुसू नये म्हणून त्याच्याभोवती दगड मांडून ठेवतं. तो दिवस मास्तरांना दरवर्षी नवा वाटायचा. याबद्दल ते कधी कुणाशी बोलले नव्हते. शुक्रवारच्या बैठकीतही नाही. तिथं तर मुळीच नाही.

सकाला बाईंनी शंका पक्की केली. त्या कसल्याशा कामानं जिल्ह्याच्या गावी, चिपाटाला, जाऊन आल्या आणि येताना बातमी घेऊन आल्या. "काविम्बेच्या शाळेवर पत्रे चढले, सर. आता माणूस शोधतायत. इथलंच कुणीतरी जाणार म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शिक्षण कार्यालयाबाहेर बोलत होते."

"आणि माझं नाव घेत होते?"

"नाव नाही ऐकलं मी."

मास्तरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. भिंतीवर पहिला फोटो हिचा. हिला सगळं ठाऊक असणार. त्यांनी विषय बदलला आणि त्या दिवसापासून सकाला बाईंशी हवापाण्यापलीकडे बोलायचं सोडलं.

पुढच्या शुक्रवारी ते बैठकीला बसले, पण खुर्ची मागं ओढून भिंतीला लावली. वितुम्बुवाची ताटली आली ती तशीच पुढे सरकवली. पाळी आली तेव्हा म्हणाले, "माझ्याकडं चांगलं काही नाही." वर्गाचं दारही ते लावून घेऊ लागले. एवढा मोठा माणूस असं वागतो म्हटल्यावर बाकीचेही सावध झाले. जिच्या छपराला गवत घातलं होतं ती बाईसुद्धा विचार करायला लागली की आपल्याबद्दल कुठं काय सांगितलं गेलं असेल. महिन्याभरात खुर्च्या एकेक करून पुन्हा भिंतीला गेल्या. मध्ये किटली, ताटली आणि मॅडम एकट्या. सातवीचे मास्तर पुन्हा खडूवर आले.

एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, कापेम्ब्वा मॅडम मास्तरांच्या घरी आल्या. तिसाउके अंगणात शेंगदाणे कुटत होती. तिनं स्टूल दिलं, मक्याचा आंबूसगोड थोब्वा प्यायला आणून दिला आणि मुसळ घेऊन जवळच बसली. कुटायचं मात्र तिनं थांबवलं.

"शावा सर," मॅडम म्हणाल्या, "माझं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकत नाही, मॅडम. तुम्ही फार चांगल्या आहात."

"असं नका बोलू."

"का? तुम्ही मला रोज हेच बोलता. मी एकदाच बोललो तर टोचलं?"

तिसाउके मध्येच म्हणाली, "मॅडम, सरळ विचारते. आमच्या माणसाला काविम्बेला धाडताय का?"

मॅडमनी थोब्वा खाली ठेवला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं? मला ते शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगायचं होतं. सितुम्बेको साहेबांचं पक्कं झालं की."

सितुम्बेको साहेब म्हणजे जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी. मास्तर उठून उभे राहिले. "म्हणजे खरं आहे."

"बढती आहे, सर! मुख्याध्यापक म्हणून. मी स्वतः तुमचं नाव दिलं. साहेबांना सांगितलं की असा माणूस साऱ्या जिल्ह्यात नाही. माणसाच्या कामाची कदर करावी, त्याला वर न्यावं, असं शिकवलं आम्हाला त्या प्रशिक्षणात. म्बेवे साहेबांनी तुम्हाला इतकी वर्षं पहिलीत कुजवलं, मला वाटलं तुमचं मन मोडलं असेल."

"मला कुजवलं नव्हतं. मी आपल्या खुशीनं तिथं बसलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठं? सायकलचं विचारलंत. बागेचं विचारलंत. शावा, तुला काय हवंय, हे नाही विचारलंत."

"खरंय," त्या हळूच म्हणाल्या. "नाही विचारलं."

"हेडमास्तर म्हणजे टेबल," मास्तर म्हणाले. "मला पोरांत ठेवा. नाव काढायला शिकलेलं पोर मला टेबलावर दिसणार नाही." एवढं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले आणि लगेच आपण काय बोलून बसलो असं वाटून त्यांनी कोंबडीला उगीचच हाकललं.

"पण एक सांगा," ते मग म्हणाले, "एवढं चांगलंच होतं मनात, तर पहिल्या दिवशी माझ्या शेपटीला उत्तर का नाही दिलंत? बेंबा ना तुम्ही?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "तिथं सांगितलं होतं की वरच्यानं केलेली थट्टा खालच्याला जड पडते. कुणाला लागेल असं बोलायचं नाही. तेव्हापासून जीभ दाताखाली धरून बसलेय मी. रोज सकाळी एक न्गोनी समोरून येतो, 'सुप्रभात' म्हणतो, आणि मला काही बोलता येत नाही. पोटात दुखायला लागलंय, सर."

तिसाउके एवढी हसली की मुसळ हातातून पडलं. मास्तर मात्र हसले नाहीत. बदली टळल्याचं पक्कं होईपर्यंत ते हसणार नव्हते.

साहेबांना नाही म्हणणं सोपं नव्हतं. मॅडमनीच नाव दिलेलं. आता फिरवलं तर त्यांचा शब्द हलका होणार, आणि मास्तरांनी स्वतः नाकारलं तर कार्यालयाचा अपमान होणार. दोघंही सोमवारी मिनीबसनं चिपाटाला गेले. वाटेत मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, मास्तर मॅडमकडे. आता आत जाऊन ही काय बोलेल याचा भरवसा त्यांना वाटत नव्हता. मनात आलं, आपल्याला सोबत नेतेय ते साहेबांपुढं हो म्हणायला लावण्यासाठीच.

सितुम्बेको साहेब पश्चिमेकडचे लोझी, जाडजूड, शांत गृहस्थ. त्यांनी उठून मास्तरांशी हस्तांदोलन केलं. "तर हेच शावा सर! मॅडमनी तुमचं इतकं कौतुक केलंय की मी भेटायला उत्सुक होतो. काविम्बेची शाळा तुमच्यासाठी तयार आहे."

मास्तरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, ते कौतुक मी मागं घेते," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी नवी होते, माणूस ओळखला नव्हता. आता जवळून पाहिलं. हा न्गोनी आहे, साहेब. याला शाळा दिलीत तर आधी तो कोपऱ्याकोपऱ्यात उंदरांची बिळं शोधेल आणि घंटेऐवजी काड्यांवर उंदीर भाजल्याचा वास आला की पोरांना सोडून देईल."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. मग तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू आलं. लोझी लोकांचं टोंगा लोकांशी हेच नातं. त्यांना सांगावं लागलं नाही.

"पुढं बोला," ते म्हणाले.

"पहिलीच्या पुढची बेरीज याला येत नाही. बुचांशिवाय मोजताच येत नाही. आणि वर्गात झोपतो, साहेब! दुपारी उन्हं चढली की पोरं वाचतात आणि हा डोळे मिटून मान डोलावतो. लोकांना वाटतं कवितेला दाद देतोय."

मास्तरांना आता राहवेना. "साहेब, या बाईचं ऐकू नका. हिच्या घराच्या मागं माकडं जायला घाबरतात. शाळेच्या आंब्यावर पूर्वी वानरं यायची, ही आल्यापासून एक दिसत नाही. मला काविम्बेला धाडताय ते ठीक, पण मग म्लाम्बेच्या पोरांवर लक्ष कोण ठेवणार? हिला लांबून पोर आणि माकड यातला फरक कळत नाही."

साहेब खुर्चीत मागं रेलून पोट धरून हसले. बाहेरचा कारकून दारात येऊन उभा राहिला. हसणं ओसरल्यावर साहेबांनी डोळे पुसले आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आता त्यांचा चेहरा गंभीर होता.

"शावा सर, तुम्हाला जायचं नाही."

"नाही, साहेब."

"पहिलीलाच राहायचंय?"

"हो, साहेब."

"मॅडम, पुढच्या वेळी नाव देण्याआधी माणसाला विचारा. आणि या न्गोनीला घेऊन जा. असा माणूस मी कुठल्याच शाळेवर नेमू शकत नाही. कार्यालयाची बदनामी होईल."

बाहेर उन्हात आल्यावर मास्तरांचे पाय जरा हलके पडत होते. वर्ग राहिला. जानेवारीत दाराला लटकणारी पोरं राहिली. मॅडमनी बसस्टँडवर भाजलेलं कणीस घेतलं आणि मोडून निम्मं त्यांच्या हातात दिलं. "घ्या. उंदीर संपले होते."

"माकडही नव्हतं का?"

मिनीबस भरली, हलली, गाव मागं पडलं. मॅडम समाधानानं कणीस खात होत्या. आता कित्येक महिन्यांचं पोटातलं दुखणं थांबलं असावं असा त्यांचा चेहरा होता. मास्तरांनीही चार दाणे खाल्ले. आणि मग त्यांचा हात थांबला.

उंदरांचं ठीक. बुचांचंही ठीक, ते तिनं वर्गात पाहिलं होतं. पण दुपारी डोळे मिटून मान डोलावतो, हे? ती तर फक्त सकाळी बसली होती वर्गात. दार तर त्यानंतर ते लावूनच घेत होते. मग कुणी सांगितलं? सकाला बाईंचा वर्ग भिंतीपलीकडेच. खिडकीही त्या बाजूला. म्हणजे सुरुवातीपासून तिचंच काम.

बराच वेळ त्यांनी दम धरला. शेवटी राहवलं नाही.

"मॅडम, ते वर्गातल्या झोपेचं तुम्हाला सकाला बाईंनीच सांगितलं ना?"

"कसली झोप?" मॅडम म्हणाल्या. "मी तर तोंडाला येईल ते ठोकून दिलं."

"असं होय," मास्तर म्हणाले आणि कणसाकडे बघू लागले.

मॅडमचं चावणं थांबलं. त्या हळूहळू संपूर्ण त्यांच्याकडे वळल्या.

"शावा सर," त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही झोपता?"

मास्तरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि म्लाम्बे येईपर्यंत ते बाहेरचं रान मन लावून पाहत राहिले.